वीस किलोची शिवबाई

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, मुंबईच्या कारखान्यात माझी घडण झाली आणि सोलापुरात डॉक्टर सरोजिनीबाईंच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. बाळाचं वजन वाढलं की आया माझ्याकडे कौतुकाने बघत. आता मी अडगळीत आहे. माझ्यावर रद्दी ठेवतात. पण १९७४ सालची ती सकाळ मी विसरलेलो नाही.

मंद्रूप गावाहून नागम्मा आपल्या सहा वर्षांच्या शिवबाईला घेऊन आली. सोबत सासू रुद्राणी, नात्याने नागम्माची सख्खी आत्या. पोरीचे गाल पार बसलेले, हातापायांवर शिरा दोरीसारख्या उठलेल्या.

"ही पोरीला खायलाच घालत न्हाय," रुद्राणी म्हणाली.

गावभर हेच बोललं जात होतं. पोरीला आईपासून तोडून दुसरीकडे ठेवायचं, असंही घरात ठरत आलं होतं. नागम्मा मान खाली घालून उभी होती.

डॉक्टरबाईंनी शिवबाईला माझ्यावर उभं केलं. बारा-तेरा किलो भरेल, असं त्यांना वाटलं होतं. मी वीस दाखवले, सहा वर्षांच्या धडधाकट पोरीइतके. बाई चमकल्या. मीच बिघडलो असेन म्हणून त्यांनी स्वतः चढून बघितलं. मी बरोबर होतो. मग त्यांनी पोरीच्या दंडाची कातडी चिमटीत धरली. नुसती पातळ कातडी हाताला लागली, खाली थेट घट्ट स्नायू. पोटात यकृत वाढलेलं.

त्यांनी रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं. काही वेळाने लाल रक्त खाली बसलं आणि वर दुधासारखा पांढरा थर आला. मी लोखंडाचा, तरी हादरलो.

बाईंनी समजावून सांगितलं. शिवबाईच्या शरीरात चरबी साठवायला जागाच नव्हती, जन्मापासून नव्हती. खाल्लेलं तूपतेल रक्तात फिरत होतं, यकृतात साचत होतं.

नागम्माने पोरीला जवळ ओढलं. "मी तर रोज वाटीभर तूप चारत होते की. अंगाला लागावं म्हणून."

"तुझी चूक नाही," बाई म्हणाल्या. "हा आजार आईबाप दोघांकडून आलाय. तुम्ही नवराबायको एकाच घराण्याच्या रक्ताचे."

रुद्राणीचा चेहरा उतरला. ते रक्त तिचंही होतं.

आजार गेला नाही. पण तूपतेल सुटलं, आणि रक्तातला पांढरा थर कमी झाला. पाच महिन्यांनी रुद्राणीच पोरीला तपासायला घेऊन आली. गावात लोक अजून बोलतात का, असं बाईंनी विचारलं.

"बोलू देत की," ती म्हणाली. "कुणी सुनेला नावं ठेवायला आलं, तर तिच्या आधी मी दारात उभी हाय."

मित्रांनो, वाळलेलं लेकरू दिसलं की लगेच त्याच्या आईकडे बोट दाखवू नका. आधी तिला विचारा. नागम्माला सहा वर्षं कुणीच काही विचारलं नव्हतं.