निळी म्हणजे गोळी

पहिली गोळी वदहाच्या कानामागे लागली. ती पांढरी सांडणी आधी पुढच्या गुडघ्यांवर बसली, रोज ओझं लादायला बसायची तशीच, आणि मग तिची मान मातीवर आपटली. माझा मेहुणा हाज बुअजिला तिच्याकडे धावला तेव्हा गोळी झाडणाऱ्या अगीलाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. म्हातारा रक्त थुंकत खाली बसला. मी चाऱ्याच्या गठ्ठ्यांमागे उभा होतो.

आमच्या ऐन झुवीच्या उंटबाजारात ताप शिरला होता. माणसं धाप लागून मरत होती आणि ताप उंटांच्या नाकातून येतो असं सगळे म्हणत होते. आमच्या वाळवंटात सरकार नावाची चीज नाही, ज्याच्या गाडीवर मशीनगन तो सरकार. म्हणजे मिफ्ताह. त्याने बाजाराच्या फाटकावर माणसं बसवली आणि किनाऱ्यावरच्या शहरातून डॉक्टर इंतिसारला बोलावून घेतलं. बोलावून कसलं, उचलूनच आणलं.

बाईच्या पेटीत काचेच्या बारीक नळ्या होत्या. त्यांत लालभडक पाणी. ते सोनं होतं म्हणे, इतकं बारीक दळलेलं की डोळ्याला कण दिसू नये. प्रत्येक कणाला त्या तापाचा विषाणू पकडणारे चिमटे लावलेले. उंटाच्या नाकात कापसाची काडी फिरवायची आणि नळीत बुडवायची. विषाणू असला की कण त्याला धरून एकमेकांना चिकटतात आणि लाल पाणी निळं होतं.

"पण नुसत्या डोळ्यांवर जायचं नाही," तिने मिफ्ताहला बजावलं होतं. "बिनचिमट्यांच्या सोन्याची दुसरी नळी लावायची, तीही निळी झाली तर तो ताप नव्हे. मग दोन्ही या डब्यात ठेवून आतल्या दिव्याने तपासायच्या. अर्धा तास लागतो."

"अर्ध्या तासात माझी माणसं मरतील, डॉक्टरबाई. तुमचा डबा तुमच्यापाशीच ठेवा. निळं दिसतंय ना? झालं मग."

आणि तो अगीलाकडे वळला. अगीला त्याचा चुलतभाऊ. अगीलाचा सख्खा भाऊ त्याच आठवड्यात तापाने गेला होता आणि तेव्हापासून तो धड जेवला नव्हता. "नीट ऐक. निळी म्हणजे गोळी. मला विचारायचं नाही, माझ्याकडे बघायचंही नाही. निळी दिसली की घोडा ओढ."

आता गंमत बघा. फरज नावाच्या व्यापाऱ्याचे उंट आले, खरजेने भरलेले, अंगावर शेण वाळलेले. सगळ्या नळ्या लाल. सोडले आत. फरज तर छाती काढून चालला. मग आला माझा मेहुणा. अख्ख्या ओअॅसिसमध्ये त्याच्याइतकं जनावर जपणारा माणूस नाही. बायकोने त्याच्याकडून एवढी सेवा कधी बघितली नाही, असं माझी बहीण उघड बोलते. आणि त्याची एकूण एक नळी निळी.

वदहानंतर दुसरी पडली. मग तिची पाडी. बाकीचे उंट दोर तोडायला लागले, ओरडायला लागले, एकाने फाटकावरच्या माणसाला लाथ घालून त्याची बरगडी मोडली. अगीला गोळ्या झाडतच होता. तोंड कोरडं, डोळे मात्र वाहत होते. वाळू रक्ताने काळी पडली.

डॉक्टर इंतिसार वदहापाशी रक्तातच गुडघ्यांवर बसली. तिने मेलेल्या सांडणीच्या नाकपुडीवरून बोट फिरवलं. "हाज, हे पांढरं काय आहे?"

"मीठ," बुअजिला फाटक्या ओठांनी म्हणाला. "बाजाराच्या सकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुतो मी त्यांचं. आतल्या अळ्या पडतात. माझा बापही धुवायचा, पोरी. घाणेरडं जनावर विकायला आणू का मी?"

बाईचा चेहरा उतरला. तिने धडपडत दुसरी नळी काढली, बिनचिमट्यांची, आणि वदहाच्या नाकात काडी फिरवून तिच्यात बुडवली. तीही निळी.

"थांबवा हे," ती ओरडली. "ताप नाहीये हा, मीठ आहे. मिठानेही सोनं चिकटतं. हे उंट निरोगी आहेत."

"आधी म्हणालीस निळं म्हणजे ताप. आता म्हणतेस मीठ," मिफ्ताह म्हणाला. "म्हाताऱ्याने किती पैसे देऊ केले तुला?"

तेवढ्यात बुअजिला उठला आणि सरळ मिफ्ताहच्या मनगटाला चावला. उरल्या दातांनी. मिफ्ताहने त्याला झटकून पाडलं, छातीवर पाय दिला आणि पिस्तूल कपाळाला लावलं.

"याच्याही नाकात घाल काडी. याच हातांनी उंटांची नाकं पुसतो ना? निळी आली तर उंटांमागे हाही."

मी गठ्ठ्यांमागून बाहेर आलो. काय करणार होतो कोण जाणे. एकाने माझ्या पोटात बंदुकीची नळी रोवली आणि मी तिथेच थांबलो. धुतलेल्या उंटांच्या शिंका दिवसभर अंगावर घेतलेल्या माणसाची नळी कोणत्या रंगाची येणार, हे मला कळत होतं. डॉक्टरबाईलाही कळत होतं.

तिने नवी काडी काढली. वाकली. आणि बुअजिलाच्या नाकाकडे न नेता ती मिफ्ताहच्या घामाने थबथबलेल्या मानेवरून खसाखसा फिरवली. नळीत बुडवली. सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

लाल पाणी जांभळं झालं, मग निळं.

"बघा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटकाच होती. "तुम्हालाही ताप आहे का? घाम आहे हा. घामात मीठ असतं, एवढंच."

मिफ्ताह नळीकडे बघत राहिला. मला शपथेवर विचाराल तर त्याला पटलं होतं. त्याने बुअजिलाच्या कपाळावरून पिस्तूल उचललं. तोंडही उघडलं होतं, काहीतरी म्हणायला.

त्याच्या मागे अगीला उभा होता. त्याला बाईचं बोलणं ऐकूच गेलं नसावं. त्याला निळी दिसली.

गोळी मिफ्ताहच्या कानामागे लागली. तो बुअजिलाच्या अंगावर पडला, आणि म्हातारा त्याच्याखाली कलमा पुटपुटत राहिला.

"निळी होती," अगीला म्हणाला. "त्यानेच सांगितलं होतं. विचारायचं नाही म्हणाला होता." आणि बंदूक तशीच धरून त्याने आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे.

डॉक्टरबाई रडत होती. तिने नवी काडी स्वतःच्या गालावर टेकवली, आसवांनी भिजू दिली आणि शेवटच्या नळीत बुडवली. पाणी निळं होईपर्यंत ती थांबली. मग बंदुकीसमोर जाऊन तिने नळी अगीलाच्या डोळ्यांपुढे धरली.

"घाल गोळी," ती म्हणाली.

अगीला नळीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या गालावरून हात फिरवला, तो ओला हात बघितला, आणि बंदूक खाली वाळूवर ठेवली.