शाळेच्या संगणकातलं भूत

साहेब, आमच्या शिक्षिका वाइमोआनाबाईंना चेटकीण तुम्ही केलंत. राजधानीतल्या शिक्षण खात्याच्या खुर्चीतून तुम्ही आमच्या शाळेला संगणक धाडलात, फोटो काढून घेतलात आणि पाठ फिरवलीत. तो बिघडला तेव्हा बाईंनी तुम्हाला पाच पत्रं लिहिली. यंत्र समजणारं एक माणूस पाठवा, एवढीच मागणी. तुम्ही कुणालाच पाठवलं नाहीत. मग गावातलाच अफोआ मांत्रिक पुढं आला.

शुक्रवारी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. अफोआनं कळ दाबली. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच. आणि खोक्यातून "टूं... टूं..." असा रडका सूर.

"ऐकलंत? रडतोय!" अफोआ गरजला. "बाई तिन्हीसांजेला केस सोडून यंत्रापुढं बसली. आत्मा केसांवरून घसरला तो थेट पंख्यात! पण माझ्या हातात आज्ज्याचं तेल आहे. आत्म्याचा बापसुद्धा बाहेर येईल!"

त्यानं यंत्र बंद केलं, त्यावर झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड टाकलं आणि शेजारी मांडी ठोकली. बाहेर शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या या शंखानंतर आमच्या सवाईई बेटावर कुणी चालत नाही, बोलत नाही. माना खाली, डोळे मिटलेले, प्रार्थना. "आमेन" झालं, अफोआनं कळ दाबली, कापड ओढलं. पडदा निळाशार!

"अगं आई गं!" बायका ओरडल्या. एक डुक्कर आणि दोन बारीक विणीच्या चटया अफोआच्या घरी निघाल्या.

"आता याला निजवतो," म्हणत त्यानं यंत्र बंद करून पुन्हा कापडाखाली हात घातले. शनिवारी सकाळी पडदा पुन्हा काळा. अफोआनं भूत काढायचं आणि ते परत यायचं, असं हे चौथ्यांदा.

पंचायत बसली. गावप्रमुख म्हातारे सेऊमानू काठीवर रेलून म्हणाले, "बाई, भूत तुमच्यापायी परत येतं. सोमवारी आईला घेऊन गाव सोडायचं."

"आजोबा, माझ्या बापाचं थडगं अंगणात आहे. ते पाठीवर घेऊन जाऊ?"

सेऊमानूंनी काठी आपटून बैठक उठवली.

दुपारी बाई एकट्याच शाळेत गेल्या. यंत्र सुरू करून संगणकाबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी उघडलं. पडदा काळा असला तरी कोपऱ्यात बारीक अक्षरं येत होती: सिग्नल नाही. म्हणजे पडदा जिवंत आहे. वायर दोन्ही टोकांना घट्ट. म्हणजे दुखणं खोक्यात आहे. त्यांनी वीज तोडली, खोक्याची बाजू सरकवली. पुस्तकातल्या चित्रातली मेमरीची पट्टी खाचेतून एका टोकाला वर आली होती. अंगठ्यानं दाबली. खट्. वीज जोडून कळ दाबली, तर पडदा उजळला!

बाई हसल्या नाहीत. गावाला दाखवलं तर लोक म्हणणार, बघा, भूत हिचंच ऐकतं. नाही दाखवलं तर सोमवार. मागच्या प्रार्थनेत त्यांनी डोळे किलकिले केले होते, कापड हलताना पाहिलं होतं. पण प्रार्थनेत डोळे उघडणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? दार दोन्हीकडून बंद.

त्यांनी वीज तोडून पट्टी पुन्हा होती तशी सैल केली. मग शाळेच्या शिक्क्याची जांभळी शाई आणली आणि पट्टीच्या वरच्या काठावर बोटभर फासली.

रविवारी पुन्हा तीच गर्दी, तोच शंख. बाईंनी या वेळी डोळे घट्ट मिटले. आमेन झालं. पडदा उजळला.

"गेला!" अफोआनं हात वर केले. "बाई गावाबाहेर गेली की कायमचा जाईल!"

"काका, हात तसेच ठेवा," बाई म्हणाल्या. "मतदान करून आलात की काय?"

आधी कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी खिदळलं. अफोआची बोटं जांभळी होती.

"आत्म्यानं... आत्म्यानं चावा घेतला!"

"शाळेच्या शिक्क्याच्या शाईनं?" बाईंनी वीज तोडली, खोकं उघडलं, पट्टी उपसून सगळ्यांना दाखवली. वरच्या काठावर शाई आणि तिच्यात अंगठ्याचा ठसा. "ऑकलंडला सात वर्षं कसल्या दुकानात होतात, काका? लोकांना सांगा की."

"संगणक दुरुस्तीच्या!" त्याची मेहुणीच ओरडली. "आम्हाला तर म्हणाला, शिकलेलं सगळं विसरलो!"

"आजोबा, इकडे या. ही पट्टी तुम्ही बसवा."

"मी? मला मंत्र येत नाही."

"अंगठा आहे ना? पुरे."

सेऊमानूंनी अंगठ्यानं दाबली. खट्. बाईंनी वीज जोडून कळ दाबली. म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांवर निळा उजेड पडला. ते म्हणाले, "बाई, सोमवारी शाळा वेळेवर उघडा."

देवापुढं डोळे मिटा, त्याला कुणाची ना नाही. पण मिटल्या डोळ्यांचा फायदा घेऊन कुणी चमत्कार दाखवला, तर तो उघड्या डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावा. आणि एखाद्या बाईला घराबाहेर काढण्याआधी निदान खोकं तरी उघडून बघा.

आता साहेब, तुमच्याकडे वळतो. अफोआनं डुक्कर परत केलं, बोटं घासूनघासून धुतली. तुमचे हात आम्ही अजून पाहिलेले नाहीत. पाच पत्रं तुमच्या टेबलावर पोचली. अंगठ्यानं दाबायच्या एका पट्टीपायी एक म्हातारी आणि तिची लेक देशोधडीला लागणार होती. त्या पाचांतलं एक तरी पत्र तुम्ही उघडलंत का? उत्तर द्या.