दुसऱ्यांचे बुडबुडे

पाण्यातून पहिलं डोकं वर आलं ते सोनेरी केसांचं. माझ्या बोटीवर सोनेरी केसांचं कुणीच नव्हतं.

मग दुसरं, तिसरं करत सहा डोकी वर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्यांचा वाटाड्या मार्गारितो मला लहानपणापासून ओळखतो. तो मोठ्याने हसला.

"काय एउलोहियो काका, आमची बोट बुडाली की काय? तुम्ही कसे न्यायला आलात?"

मीही हसलो. पण नजर माझी माणसं शोधत होती.

मेक्सिकोतल्या आमच्या कोसुमेल बेटापाशी नांगर टाकून वाट बघत बसायची सोय नाही. पाण्याखाली प्रवाहच बुडी मारणाऱ्या माणसाला पोवळ्यांवरून पुढे नेतो. वर कॅप्टनने त्यांच्या बुडबुड्यांवर नजर ठेवायची आणि बोट मागोमाग न्यायची, एवढंच आमचं काम. एकतीस वर्षं मी ते केलं. पुष्कळदा सिगारेट ओढत, गप्पा मारत केलं आणि नवशिक्या कॅप्टनांना नावंही ठेवली. त्या दिवशी हाताखालचा माणूस रजेवर होता. पाणबुड्यांना सहलीला नेणाऱ्या आमच्या दुकानाची मालकीण दुसरा देत होती. मीच म्हणालो, कशाला, मी काय म्हातारा झालो? सांता रोसाच्या पाण्याखालच्या पोवळ्यांच्या भिंतीपाशी दोन टोळ्यांचे बुडबुडे एकमेकांत मिसळले. वेगळे झाले तेव्हा मी दुसऱ्यांच्या मागे गेलो.

माझी चार माणसं पाऊण तास उघड्या समुद्रात वाहत होती. मोंतेरेचं एक जोडपं, तोरेऑनच्या अम्पारो बाई आणि वाटाड्या विल्बेर्त. विल्बेर्तने खुणेचा केशरी फुगा उभा केला होता, चांगला पुरुषभर उंचीचा. एका परक्या बोटीला तो अर्ध्या मैलावरून दिसला आणि तिने त्यांना वर घेतलं. मी त्याहून जवळ होतो. मला दिसला नाही.

दुकानात आलो तेव्हा मोंतेरेचा नवरा मालकिणीसमोर उभा राहून ओरडत होता. "माझी बायको रडत होती! आम्ही मेलो असतो तर कोण जबाबदार?"

मालकीण, लेओनिला, आवाज न चढवता म्हणाली, "बोट कुठे होती, कॅप्टन?"

मी तोंड उघडलं. पण विल्बेर्तच आधी बोलला.

"चूक माझी आहे. मोठं कासव दिसलं, त्याच्या मागे यांना घेऊन भिंतीबाहेर गेलो. बाहेर प्रवाह ओढतो, हे पाद्रिनोंनी मला हजारदा सांगितलंय. त्यांना आम्ही दिसणार कसे?"

विल्बेर्तच्या बाप्तिस्म्याला मी त्याला हातावर घेतलं होतं, म्हणून तो मला पाद्रिनो, धर्मपिता, म्हणतो. त्याचा बाप गेल्यावर पोहणंही मीच शिकवलं. आता तो चौतिसाचा आहे आणि खोटं बोलताना अजून कान चोळतो. तेव्हाही चोळत होता.

"ओळखपत्र ठेव इथे," मालकीण म्हणाली. "वाटाड्यांच्या संघाला कळवावं लागेल. हा हंगाम तू पाण्यात उतरायचं नाहीस. पुढचं पुढे बघू."

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. आणि मी काय केलं? मी माझी टोपी चाचपत उभा राहिलो. अम्पारो बाई ओल्या केसांनी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरला वाळवंटातून आमच्याकडे येतात, आणि एकोणीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या बोटीवर पाय ठेवलेला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी नजर चुकवली.

घरी बायकोला सांगितलं. नासारिया कांदा चिरत होती, ती थांबली.

"म्हणजे त्याने अंगावर घेतलं, आणि तुम्ही घेऊ दिलंत."

"मी बोलणार होतो."

"कधी? पुढच्या नाताळात?" तिने सुरी खाली ठेवली. "मोतीबिंदू काढून घ्या म्हणून दोन वर्षं ओरडतेय. परवान्याच्या तपासणीआधी डॉक्टरच्या भिंतीवरची अक्षरं मीच तुमच्याकडून पाठ करून घेतली. पहिली ओळ, दुसरी ओळ, पोपटासारखी. तुम्ही पास होऊन आलात आणि मी मेली कौतुकाने हसले! मलाच कुणी थोबाडीत मारायला हवी होती."

तेवढ्यात विल्बेर्तची बायको येसेनिया दारात आली. हातात झाकलेलं पातेलं होतं.

"काळ्या मसाल्यातली टर्की केलीय, पाद्रिनोंना आवडते. हे म्हणाले, पाद्रिनोंनी आज फार धसका घेतलाय, जेवणार नाहीत, तू नेऊन दे." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला. मीही बोलले त्यांना, कासवं काय कधी बघितली नव्हती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही गं पोरी, रागावलो नाही." हे वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी त्याला माफ केलं! ती गेल्यावर नासारियाने ताट वाढलं नाही आणि मीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता दुकानात गेलो. बोटी सुटायची वेळ, सगळे होते. दोन-तीन कॅप्टन, मार्गारितो, अम्पारो बाई, आणि उरलेला पगार न्यायला आलेला विल्बेर्तही. मी बसलो नाही.

"काल चूक माझी झाली," मी म्हणालो. "मी दुसऱ्यांच्या बुडबुड्यांमागे गेलो. मला नीट दिसत नाही. विल्बेर्त जागच्या जागी होता."

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. मालकिणीने फक्त सुस्कारा सोडला.

"कॅप्टन, तुमचं मन मोठं आहे ते मला माहीत आहे. पण पोरासाठी स्वतःवर असं ओढून घेऊ नका."

"मी खरं सांगतोय."

"पाद्रिनो खोटं बोलतायत," विल्बेर्त म्हणाला. "माझ्यासाठी."

"काका, तुम्हाला दिसत नाही?" मार्गारितो हसला. "किनाऱ्यावरचा खेकडा नर आहे की मादी हे बोटीवरून सांगणारे तुम्ही!"

बाकीचेही हसले. एका कॅप्टनने माझ्या पाठीवर थाप मारली. माणसाला असा बाप हवा, म्हणाला. मी जितकं सांगू तितका मोठा होत चाललो होतो. मार्गारितो काल प्रत्यक्ष तिथे होता, तरी तोही मानेना. माझ्या हातून असं होईल हे त्यांना पटतच नव्हतं, आणि इतकी वर्षं तसं पटवून ठेवलं होतं ते मीच.

"बोटीने पाठ फिरवली ते मी पाण्यातून पाहिलं," अम्पारो बाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"कालच सांगायला हवं होतं. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, खरं बोला म्हणून. आणि काल जीभ उचलली नाही." त्या उठल्या. दुकानाच्या त्या टोकाला पांढरा फळा असतो, रोजच्या बोटींची नावं लिहायला. त्याचा एक कोपरा त्यांनी पुसला आणि काहीतरी लिहिलं. मग बाजूला उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहत असतील तशाच, हात मागे बांधून.

"वाचा, कॅप्टन."

माझ्यात आणि फळ्यात बारा पावलं असतील. मला फळा दिसत होता. त्यावर निळं काहीतरी होतं, ओल्या कागदावर शाई फुटावी तसं. मला दिसत नाही एवढंच म्हणायचं होतं मला. तेच सांगायला तर आलो होतो. पण सगळे बघत होते, आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे. बाईंना पालांकारची पोवळी फार आवडतात, तेच लिहिलं असेल, असं वाटलं.

"पालांकार," मी म्हणालो. मोठ्याने, खात्रीने.

कुणी हसलं नाही. पाठीवर थाप मारणारा कॅप्टन जमिनीकडे बघायला लागला. विल्बेर्त तोंड फिरवून भिंतीकडे वळला आणि त्याचे खांदे हलू लागले. मालकिणीने खण उघडला, त्याचं ओळखपत्र काढलं आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं.

मी फळ्याकडे चालत गेलो. दोन पावलांवर आल्यावर अक्षरं जागेवर बसली. चांगली चार बोटं उंच, सुटी सुटी, पहिलीतल्या मुलालाही लागावीत अशी. बाईंनी माझं नाव लिहिलं होतं.