न भाजलेला वाफा

“राब भाजू नका. त्या धुरानं पोरांची छाती बिघडते,” कारखान्याचा साहेब माईकमधून सांगत होता. जामसरच्या शाळेपुढे मांडव, आम्ही मातीत, तो खुर्चीत. वाटलं, त्याची पाण्याची बाटली त्याच्याच टाळक्यावर ओतावी.

अरे, वाफ्यावर तोडलेल्या डहाळ्यांचं कवळ, पालापाचोळा, शेण पसरून पेटवलं नाही, तर तणाचं बी मरणार कसं? भाताचं रोप येणार कुठून?

आणि सांगतोय कोण! याच्याच कारखान्यात माझा नवरा, नवसू, चुन्याच्या टाकीवर आहे. बॉयलरचा धूर चुन्याच्या पाण्यातून न्यायचा, म्हणजे गंधकाचा विखार पाण्यातच राहतो. पण चुना वाचवायला टाकी बंदच असते. तपासणीवाला येणार असला की चालू. नवसूनंच सांगितलं होतं मला, खोकता खोकता.

“नवसू, तू सांग यांना, आपण धूर कसा धुऊन सोडतो ते,” साहेबानं सोबत आणलेल्या नवसूच्या हातात माईक दिला.

“आता बोलंल माझा पोऱ्या,” सासू पुटपुटली. जाऊ दे ती नोकरी, मी मनात म्हटलं, बोल एकदाचं.

नवसू खाली बघत होता. “आपली टाकी चालूच असते,” तो म्हणाला. “राब भाजू नका.”

टाळ्या एकट्या साहेबानं वाजवल्या.

“लाज नाय वाटली?” घरी येताच मी तोंड सोडलं.

“कामावरून काढला असता, सुकरे. मंग खायचा काय?”

“आन् खोकून मेलास तं?”



आमचे वाफे दोन. एकावर कवळ मी रचलेलं, दुसऱ्यावर सुटीत येऊन त्यानं. वारा पडल्यावर मी माझा पेटवला. त्याच्या वाफ्याला काडी लावली नाही.

“तूच सांगितलास ना माईकात? मंग पाळ आता!”

“बाय, आपल्याच पोटावर पाय देतंस,” सासू कळवळली. मी ऐकलं नाही. नवसू कामावर गेला. सासूनं पेरणीआधी त्याचं कवळ ओढून काढलं आणि तिथंही बी फेकलं.

पावसात माझा वाफा हिरवागार झाला. त्याच्या वाफ्यात गुडघाभर तण. नवसू लावणीला आला, बांधावर थांबून बघत राहिला. मग चिखलात बसला आणि खोकत खोकत एकेक तण उपटू लागला. मधेच भाताचं पिवळं रोप सापडलं की बोटांनी सरळ करायचा.

माझा जीव तुटत होता. तरी मी नमले नाही. माझ्या वाफ्यातली रोपं उपटून जुड्या बांधत राहिले.