मी वाहिलेली घरे

मित्रांनो, जुन्या वसतिगृहाच्या आवारात, भिंतीला दांड्या टेकवून जी उभी आहे ना, तीच मी. मी एक जुनी हातगाडी आहे. माझ्या डाव्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली आहे, फळ्यांच्या फटीतून गवत वर आले आहे आणि आवारातली मांजर मला आपले अंथरूण समजते. तिची समजूत मी मोडत नाही. आज मात्र मला थोडे बोलायचे आहे. ही हकीकत माझी कमी आणि दोन माणसांची जास्त आहे.

मला घडवले एका सुताराने आणि एका लोहाराने. दोघांची दुकाने शेजारी शेजारी होती आणि दिवसभर ते एकमेकांच्या कामाला नावे ठेवत. सुतार म्हणे चाकांचा आख वाकडा आहे, लोहार म्हणे फळ्या ओल्या आहेत. दुसऱ्याची बोलणी ऐकून घ्यायची दोघांचीही तयारी नव्हती, म्हणून माझ्यात कसर अशी राहिलीच नाही.

मला विकत घेतले घाऊक बाजारातल्या एका तरुण हमालाने. गर्दीतून मला ढकलताना तो "बाजूला व्हा" असे कधी ओरडला नाही. "सावकाश, सावकाश," एवढेच म्हणत तो वाट काढायचा. त्यामुळे सगळा बाजार त्यालाच सावकाश म्हणू लागला. त्याचे खरे नाव फक्त त्याच्या थोरल्या बहिणीच्या तोंडी होते. तिला सगळे अक्का म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा अक्काने शिवणयंत्र चालवून भावाला वाढवले होते. "आधी तुझं लग्न होऊ दे, मग माझं बघू," असे दोघेही एकमेकांना सांगत राहिले आणि सांगता सांगता दोघांचेही केस पांढरे झाले.

बाजाराच्या मागे एका इमारतीत त्यांची खोली होती. मी जिन्याखाली उभी असे. त्या काळात माझे कौतुक फार व्हायचे. अंडी न्यायची असोत की काचेच्या बरण्या, व्यापारी म्हणत, सावकाशला बोलवा, त्याच्या गाडीवर काही फुटत नाही. सकाळी निघताना तो माझ्या आखाला तेल द्यायचा आणि मग स्वतःच्या पोटाकडे बघायचा. अक्का त्यावर म्हणायची की या घरात गाडीचा मान पहिला, बहिणीचा दुसरा.

मग बाजारात छोटे टेम्पो आले आणि काम आटले. तेही निभावले असते. पण एक दिवस ती इमारत धोकादायक ठरली आणि सगळ्यांना बाहेर पडायला सांगण्यात आले. मूळ भाडेकरूंना दुसरीकडे जागा मिळाल्या. अक्का आणि सावकाश पोटभाडेकरू होते. त्यांचा कुठे हिशेबच नव्हता. सावकाशने माझ्यावर वळकट्या, ट्रंक, स्टोव्ह, भांडी आणि शिवणयंत्र चढवले, वर दोरी आवळली, आणि मला घेऊन तो रस्त्यावर उभा राहिला. मी आयुष्यभर ओझी वाहिली होती, पण प्रत्येक ओझे कुठे उतरवायचे ते ठरलेले असे. त्या दिवशी माझ्यावर एक अख्खे घर होते आणि ते कुठे उतरवायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

शेवटी ते बाजाराच्या कुंपणाला लागून उतरले. माझ्या दांड्यांना ताडपत्री बांधली की छप्पर तयार व्हायचे. दिवसा काम मिळाले तर सारा संसार खाली उतरवून अक्काजवळ ठेवायचा, आणि संध्याकाळी पुन्हा माझ्यावर चढवायचा. शिवणयंत्र पहिल्याच उन्हाळ्यात चोरीला गेले. तसेही अक्काला सुईचे भोक दिसेनासे झाले होते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. ज्या व्यापाऱ्यांनी माझी तारीफ केली होती, ते आता जाताना दुसरीकडे पाहत.

माणसे वाईट नव्हती, मित्रांनो. कोणी खिचडी आणून देई, कोणी औषध, कोणी पांघरूण. पण कोण कधी येईल आणि काय देईल याचा मेळ नव्हता. अक्का एकदा म्हणाली, "पांघरुणं इतकी जमली आहेत, की आता त्यांना ठेवायला तरी घर हवं." ती हसली. सावकाश हसला नाही.

सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका रस्त्यावरच्या लोकांना तपासायला फिरत असे. सगळे तिला सिस्टर म्हणत. सावकाशही म्हणू लागला, तेव्हा अक्काने गाल फुगवून विचारले होते, की मी एक बहीण असताना तुला दुसरी कशाला? या सिस्टरनेच पुढाकार घेतला. एकट्याने कुणाचेच भागत नाही हे तिने ओळखले होते. तिने खिचडीवाल्यांना, पांघरूणवाल्यांना, दवाखान्याला, गवंड्यांच्या संघटनेला, नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला आणि एका वयस्क वकीलबाईंना एकत्र बसवले. या मंडळींना घर समिती असे नाव पडले. त्यांची पहिली बैठक बाजारातल्या रिकाम्या शेडमध्ये झाली. टेबल नव्हते, म्हणून चहाची किटली आणि कप माझ्यावर मांडले होते. त्यामुळे मला सारे ऐकू आले. सिस्टर म्हणाली, "आपण सगळे एकाच माणसाला एकेक बोट देतो. हात कुणीच धरत नाही."

समितीने आधी रात्रनिवारे सुरू केले. एक पुरुषांसाठी आणि बऱ्याच अंतरावर दुसरा बायकांसाठी. सामान थोडकेच आणायचे, गाडी आणायची नाही. सावकाशने नकार दिला. अक्काला दिसत नाही, तिला एकटीला कसे सोडू, आणि गाडी गेली तर उद्या खाऊ काय, असे त्याच्या मनात होते. पण तो मुळात कमी बोलणारा. त्याने फक्त मान हलवली. लोक म्हणाले, हट्टी आहे. दिलेले घेत नाही.

मग थंडी वाढली आणि अक्काचा खोकला थांबेना. सावकाशने हार मानली. "तू तरी भिंतीच्या आत जा," असे तो तिला म्हणाला आणि स्वतः तिला बायकांच्या निवाऱ्यात सोडून आला. तो माझ्याजवळ एकटाच राहिला. ताडपत्री बांधायचेही त्याने सोडून दिले.

तिकडे अक्काचे मन लागेना. आपला भाऊ जेवला की नाही हे विचारायलाही तिथे कुणी नव्हते. एका सकाळी ती भिंती चाचपत एकटीच बाहेर पडली. रस्त्यात नळासाठी खणलेला चर होता. तो तिला दिसला नाही.

बाजारातली एक भाजीवाली धावत सांगायला आली, तेव्हा माझ्यावर कुणाच्या तरी गोणी होत्या. सावकाशने त्या तिथेच उतरवल्या आणि मला घेऊन पळाला. अक्काला त्याने माझ्यावर निजवले. तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. मी आजवर अंडी नेली, काच नेली, पण इतकी नाजूक वस्तू कधी नेली नव्हती. बाजारातून दवाखान्यापर्यंत तो धावत होता आणि साऱ्या वाटेत तो एकदाही सावकाश म्हणाला नाही. लोक आपोआप बाजूला झाले.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले की आता हिला पलंग हवा, धरून चालायला भिंत हवी आणि जवळ मोरी हवी. सिस्टर बाहेर आली. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते आणि सावकाश खाली बसला होता. सिस्टर माझ्या दांडीवर टेकली. मग म्हणाली, "दादा, इतके दिवस आम्ही तुम्हाला काय देणार तेच सांगत होतो. तुम्हाला काय हवंय ते विचारलंच नाही. आता विचारते."

सावकाशला उत्तर द्यायला वेळ लागला. सिस्टरने घाई केली नाही.

"दोघांना मिळून एक खोली," तो म्हणाला. "आणि ही गाडी नजरेसमोर राहील अशी जागा. बाकीचं मी बघतो."

एवढेच होते ते. इतक्या दिवसांत एवढेच कुणाला कळले नव्हते.

समितीत यावर पुष्कळ वाद झाला. काही जण म्हणाले की आधी माणसाची घडी बसू दे, नियमित काम मिळू दे, मग खोलीचे पाहू. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी खोली. घडी बसवायचं खोलीत बसून बोलू." गिरणी कामगारांसाठी बांधलेले एक वसतिगृह कैक वर्षे बंद पडून होते. अधिकाऱ्याने ते मिळवून दिले. पण त्या गल्लीतल्या लोकांना ही बातमी रुचली नाही. चोऱ्या होतील, घाण होईल, असे त्यांचे म्हणणे होते. वकीलबाई घरोघर जाऊन ऐकून घेत होत्या. शेवटी गल्लीच्या बैठकीत कोपऱ्यावरच्या दुकानातला न्हावी उभा राहिला. तो समितीचे काम करायचा, पण आपली कथा त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती.

"तुम्ही सगळे माझ्या वस्तऱ्याखाली मान देता," तो म्हणाला. "इथे येण्याआधी मी पुलाखाली राहत होतो. हात हाच होता."

यानंतर काही जण तयार झाले. काही जण अजूनही झालेले नाहीत. समोरच्या घरातले आजोबा आजही आम्हाला पाहून फाटक लावून घेतात. हेही सांगायला हवे.

दुरुस्ती सुरू झाली. वाळू, विटा, दारे, नळ सारे मी वाहिले, आणि सावकाशला त्याची मजुरी मिळाली. तोवर सिस्टरने वरिष्ठांशी भांडून अक्काची दवाखान्यातली खाट धरून ठेवली होती. मग एका दुपारी मी अक्काला घेऊन या आवारात आले.

तळमजल्यावरची डावीकडची खोली त्यांची होती. काठी टेकत अक्का आत गेली आणि हाताने भिंती चाचपू लागली. खिडकी, पलंग, मोरीचे दार, असे करत ती मुख्य दाराशी आली. तिचा हात कडीवर थांबला.

"ही आतून लागते?" तिने विचारले.

"लागते," सावकाश म्हणाला.

"मग तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा."

सगळे बाहेर आले. अक्काने दार लोटले आणि कडी लावली. ती कडी घट्ट होती, तिचा आवाज मला आवारात ऐकू आला. मग उघडली. पुन्हा लावली. बाहेर सिस्टर, वकीलबाई, न्हावी आणि सावकाश उभे होते. कुणीही दार वाजवले नाही. बऱ्याच वेळाने तिने आपणहून दार उघडले, तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते आणि तिने सगळ्यांना आत या म्हटले. पाहुण्यांना आत या म्हणायला तिला आता घर होते.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असे वाटेल. समितीतल्याही काहींना तसेच वाटले होते. पण सावकाशला छताखाली झोप येईना. गुदमरल्यासारखे होई, आणि तो बाहेर येऊन माझ्यावर आडवा होई. कुणीतरी कुरकुरले, की खोली दिली तरी हा रस्त्यावरच. न्हाव्याने तसे म्हटले नाही. तो रोज संध्याकाळी यायचा, सावकाशची दाढी करायचा, गप्पा मारायचा. सुरुवातीला खुर्ची माझ्याशेजारी असे, मग उंबऱ्याजवळ, मग खोलीत. "खोली मिळाली तेव्हा मी तर दारालाच डोकं लावून झोपायचो," असे तो सांगायचा. "शरीर आधी आत येतं. मन मागाहून." कधी ते मला नक्की सांगता येणार नाही, पण हळूहळू माझ्या फळ्या रिकाम्या राहू लागल्या.

सिस्टरने अक्काच्या एका डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले. पट्टी निघाली तेव्हा सावकाश समोर होता. अक्का त्याच्याकडे पाहतच राहिली.

"अरे, तू इतका म्हातारा कधी झालास?" ती म्हणाली.

पुढची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत कष्टाची आणि सर्वांत चांगली. समितीने आणखी खोल्या मिळवल्या आणि जो कोणी राहायला येई, त्याचे सामान मी आणि सावकाश आणत असू. एका बाईचा संसार दोन पिशव्यांत मावला होता. एका म्हाताऱ्याने फक्त एक पिंजरा आणला, आत पक्षीही नव्हता. कुणाचेही सामान कमी म्हणून सावकाशने ते हातात धरून नेले नाही. प्रत्येकाचे घर त्याने माझ्यावर मांडले, दोरी आवळली आणि मिरवत आणले.

अक्का गेल्या हिवाळ्यात गेली. आपल्या पलंगावर, भाऊ उशाशी आणि शेजारच्या बायका पायाशी असताना. शेजाऱ्यांना आत येता यावे म्हणून त्या दिवशी दार सताड उघडे होते. सावकाशने त्यानंतर मला पुन्हा ओढले नाही. त्याचे गुडघे थकले आहेत. समितीकडे आता टेम्पो आहे. मला भंगारात द्यावे असे मध्यंतरी कुणी सुचवले होते, पण तो विषय तिथेच राहिला. मला त्याची खंत नाही. लाकूड आहे, कुजणारच.

खंत वेगळीच आहे. बाजाराच्या कुंपणाला अजून ताडपत्र्या आहेत. जितक्या खोल्या झाल्या त्याहून त्या जास्त आहेत. समितीची माणसे थकतात, भांडतात, कधी कुणी सोडूनही जाते, आणि तरी उरलेली पुन्हा बैठकीला बसतात.

म्हणून माझे एक मागणे आहे, मित्रांनो. सवडीने कधी माझ्या आखाला दोन थेंब तेल दिलेत तर बरे वाटेल, पण मागणे ते नाही. रस्त्याकडेला एखाद्या गाडीच्या आडोशाने कुणी राहत असेल, तर त्याला हट्टी किंवा आळशी ठरवून पुढे जाऊ नका. घरच्या मोठ्या माणसांना सोबत घ्या. त्या माणसाला काही द्यायला हात पुढे कराल, त्याआधी त्याच्याजवळ टेका आणि त्याला काय हवे आहे ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही. कारण त्याला हे कुणी विचारलेलेच नसते.

तेवढा वेळ थांबा.