टेबलाखालचा कोल्हा

मित्रांनो, मी एक जुना चित्राचा कागद आहे आणि सध्या भिंतीकडे तोंड करून टांगलेला आहे. मला शिक्षा झाली असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ऐका.

दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका गल्लीत मी छापला गेलो. लांबलचक टेबलाभोवती बायका रंगवायला बसत. एकीने फक्त शिकाऱ्यांचे लाल कोट रंगवायचे, दुसरीने गवत, तिसरीने घोडे. आम्ही चार भावंडं. चौघांत मिळून एकच गोष्ट. पहिल्यात लठ्ठ सर बार्नबींना तीन नोकर घोड्यावर चढवतात. दुसऱ्यात ते ओढ्यात पडतात. तिसरा मी. माझ्यात ते काटेरी कुंपणात उलटे अडकले आहेत, शिकारी कुत्रे त्यांचेच बूट हुंगताहेत आणि कोपऱ्यात कोल्ह्याच्या शेपटीचं फक्त टोक दिसतं.

कोल्ह्याचं पुढे काय झालं, ते चौथ्यात होतं.

पण आम्हाला चौकटी बसवणाऱ्या माणसाकडे चौकटी तीनच होत्या. त्याने चौथा भाऊ माझ्या पाठीमागे भरण म्हणून दाबला, वर लाकडी फळी ठोकली, खाकी कागद चिकटवला आणि आपल्या दुकानाची चिठ्ठी लावली. भावाचं तोंड माझ्या पाठीला आणि आम्ही दोघे अंधारात. दिवाणखान्यात लोक मला बघून पोट धरून हसत. पुढे ते लोक गेले आणि आम्ही माळ्यावर धूळ खात पडलो.

मग मेल्टन गावच्या टॅन्सलीसाहेबांनी आम्हाला लिलावातून घरी आणलं. शिकारीची विनोदी चित्रं जमवण्याचं त्यांना वेडच होतं. त्यांच्या पत्नी विनिफ्रेडबाई प्रार्थनागीत गुणगुणत आमच्या काचा पुसत. पहिल्याच दिवशी त्या माझ्यापुढे थबकल्या.

"आणि मग? कोल्हा सुटला की नाही?"

"चौथं मिळालं की कळेल."

"म्हणजे मी मेल्यावर!"

दोघेही हसले. मी मात्र मनात ओरडत होतो, अहो, ते इथेच आहे! पण देवाने मला गोष्ट दिली, वाचा दिली नाही.

तीस वर्षं साहेब चौथं शोधत हिंडले. गावोगावचे लिलाव झाले, जुनी दुकानं झाली. तीनदा त्यांनी चुकून ओढ्यातलं दुसरं चित्रच पुन्हा आणलं. बाई म्हणाल्या, "अरे, किती वेळा ओढ्यात टाकशील बिचाऱ्या बार्नबीला? सर्दी होईल त्याला!"

घरी दुसरे संग्राहक आले की साहेब मला खाली उतरवत आणि उलटं करून अभिमानाने दाखवत. "बघा, मूळ चिठ्ठी! ही पाठ आजवर कोणीही फोडलेली नाही."

"पाठच दाखवायची तर चित्र कशाला हवं रे तुला?" बाई विचारत.

साहेबांची बोटं माझ्या भावापासून फळीएवढ्या अंतरावर असत. दर वेळी मला वाटे, आज उघडतील. दर वेळी ते मला हळूच पुन्हा टांगत.

एका हिवाळ्यात भिंतीला ओल आली. माझ्या आभाळावर तपकिरी डाग उठले. बाई तेव्हा आजारी होत्या, खिडकीजवळच्या खुर्चीतून दिवसभर मला बघत.

"गॉडफ्री, उघड की ती चौकट. डाग वाढतायत बघ."

"विनी, अगं, एकदा फोडलेली पाठ पुन्हा तशी होत नाही."

"बरं बाबा. जप तुझी पाठ."

आत कसर शिरली होती. माझ्या पाठीमागे ती भावाला कुरतडत होती आणि मला सगळं कळत होतं. खाली पडून फुटावं म्हणून मी देवाची किती प्रार्थना केली! पण खिळा साहेबांनी स्वतः ठोकलेला होता. तो कसला हलतो?

दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, बाई गेल्या.

त्यानंतर डाग लाल कोटापर्यंत आला, तेव्हा साहेब मला हेस्टर नावाच्या मुलीकडे घेऊन गेले. ती जुने कागद दुरुस्त करते. तिने खाकी कागद कापला, फळी काढली आणि म्हणाली, "अहो, इथे दोन आहेत!"

साहेब पुढे वाकले. चौथ्या चित्रात शिकाऱ्यांची मेजवानी होती. सर बार्नबी हात पसरून फुशारकी मारत होते. आणि टेबलाखाली, जिथे कोल्हा असायला हवा, तिथे मोठं भोक होतं.

"कसरीचं काम," हेस्टर म्हणाली. "फार जुनं नाही, दोन-तीन वर्षांतलंच. आधी उघडलं असतं तर..."

मग तिने मला उलटं केलं. "टॅन्सलीसाहेब, जरा इकडे बघा."

इतकी वर्षं भाऊ मला चिकटून होता. त्याची शाई माझ्या पाठीवर उतरली होती, फिकट आणि आरशातल्यासारखी उलटी. टेबल, मेजवानी, आणि टेबलाखाली बार्नबींच्याच ताटातली बदकाची तंगडी खात बसलेला कोल्हा. साहेब हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी तोंड झाकून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही जपून बंद केलेलं काहीतरी असेल. ते उघडा. विचारणारं माणूस समोरच्या खुर्चीत आहे, तोवर उघडा. आम्हा वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण आम्हाला बोलता येत नाही.

आता मला दिसतो तो फक्त भिंतीचा गिलावा. माझी पाठ खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे आहे. रोज चहाच्या वेळी साहेब दोन कप घेऊन येतात, आणि माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज ऐकू येतो, "सुटला गं, विनी. सुटला."