सुकडीचं यमक

कोरेगावकडचा नाथाजी शाहीर यमकासाठी नावाजलेला होता. त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत औंधला यमाईच्या यात्रेत तो आटपाडीच्या कोंडीबा शाहिराचा दुष्काळावरचा पोवाडा ऐकायला पुढंच बसला होता. ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरलं.

"हातावर मूठभर सुकडी, देवा तुझी वाट लय वाकडी."

हे यमक तर नाथाजीचं स्वतःचं होतं, अजून एकदाही लोकांपुढं न म्हटलेलं. घरी जुळवलं तेव्हा ऐकायला फक्त गुंडा होता. पंधरा वर्षं त्याच्यामागं सुरात सूर मिसळून झील धरणारा. आणि हाच गुंडा महिन्यापूर्वी शेरडं घ्यायला आटपाडीला जाऊन आला होता.

नाथाजीची नजर बदलली. वही उशाखाली गेली. गुंडा आला की तो गाणं तोडून भलतंच बोलू लागला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, आटपाडीत कोंडीबा भेटला होता का. गुंडानं सरळ सांगितलं, भेटला की, च्या पण पाजला. नाथाजीला तेवढं पुरलं.

"उद्यापासनं येऊ नगंस."

गुंडानं चपला घातल्या आणि निघून गेला.

नाथाजीची बायको साळूबाई आतून ऐकत होती. गुंडानं काय केलं ते तिनं विचारून घेतलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली.

"आवं, ती ओळ तुमची कवापासनं?"

दिवाळीला ती माहेरी आटपाडीला गेली होती, तेव्हा भावजयांबरोबर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दुपारी मजुरांना खायला सरकारी सुकडीचं पीठ वाटताना बायकाच ती ओळ म्हणायच्या. सगळ्या रस्त्याला पाठ होती. परत आल्यावर भाकरी थापताना तिच्या तोंडात तीच.

"तुमी वही घेऊन हितंच बसला हुता. काय म्हणतीस, म्हणून दोनदा इचारलंत."

नाथाजीला आठवलं. विचारलं होतं, लिहून घेतलं होतं, आणि दोन दिवसांत ते आपल्यालाच सुचलं असं त्याला वाटू लागलं होतं.

त्याच दुपारी तो गुंडाच्या वस्तीवर गेला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. गुंडा दोरी वळत राहिला.

"मला इचारायचं तरी, शाहीर," एवढंच म्हणाला.

पुढच्या कार्यक्रमात, ही ओळ आटपाडीच्या खडी फोडणाऱ्या बायकांची, असं सांगूनच नाथाजी गायला. मागं झील धरायला गुंडा होता. पण त्यानंतर नाथाजीनं जुळवाजुळवीसाठी वही उघडली, की गुंडा उठून अंगणात जायचा आणि हाक मारेपर्यंत आत यायचा नाही.